पोरांना दम लागू द्या

डिसेंबरातली पालकसभा होती. मागच्या बाकावरून एक बाबा उठले. कापूस वेचायचे दिवस. सकाळी शेतात मजूर लावून देऊन मग ते शाळेत आले होते. सदऱ्याच्या बाहीला कापूस तसाच चिकटलेला होता. म्हणाले, "मॅडम, तिचं खो-खो मी बंदच करून टाकलं जी. ग्राउंडवर जानं नाही, काही नाही. शाळेतून आली का पुस्तक. तरी काऊन ध्यानात राहत नसन तिच्या? रात्री पाठ होते, सकाळी भुलते."

मुलगी दहावीत, माझ्याच वर्गातली. शाळेच्या खो-खो संघात होती, पाठलागाला सगळ्यांत चपळ. नववीपर्यंत बीजगणितात कधी अडली नाही. जूनमध्ये घरच्यांनी मैदान बंद केलं आणि दिवाळीनंतर ती दुपारच्या तासाला बसल्या बसल्या पेंगायला लागली. फळ्यावरचं उदाहरण सोडवायची, पण दोन दिवसांनी तेच उदाहरण समोर आलं की नव्यानं पाहिल्यासारखी बघत राहायची.

त्या बाबांना मी त्या दिवशी नीट उत्तर देऊ शकले नाही. कारण त्याच वर्षी पी.टी.चे आठवड्याचे दोन तास मीच गणितासाठी मागून घेतले होते. पोर्शन संपवायचा होता, सराव परीक्षा तोंडावर आली होती. म्हणजे त्या पोरीचं संध्याकाळचं मैदान तिच्या घरच्यांनी काढून घेतलं आणि दिवसाचं मी. ही गोष्ट मला अजून बोचते. त्यानंतर या विषयावर मिळेल ते वाचत गेले, डॉक्टरांना विचारत गेले, वर्गातल्या मुलांकडे त्या नजरेनं बघत गेले. आईबाबांनो, त्यातलं तुमच्या कामाचं जे आहे ते आज तुमच्याशी बोलते.

आधी एक शब्द पक्का करू. दम. आपल्याकडं कबड्डी खेळलेल्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. चढाईला जाणारा गडी एका श्वासात "कबड्डी कबड्डी" म्हणत जातो, तो त्याचा दम. तो तुटला की गडी बाद. नियमानं एक चढाई ३० सेकंदांची. त्या ३० सेकंदांत जीव तोडून धावायचं, वाकायचं, हुलकावणी द्यायची, आणि परत येऊन आपल्या अंगणात उभं राहून श्वास जमवायचा. पुढची चढाई दुसऱ्याची.

व्यायाम हलका, मध्यम की जोराचा, हे मोजायला डॉक्टरांची यंत्रं आहेत. पण घरी तुमचं तोंडच पुरेसं आहे. चालता चालता गाणं म्हणता येत असेल तर तो हलका. बोलता येतं पण गाणं म्हणायला गेलं की श्वास पुरत नाही, तो मध्यम. आणि दोन-चार शब्द बोलून थांबावं लागतं, "थांब... सांगते..." असं होतं, तो जोराचा. जगभरचे व्यायामतज्ज्ञ हीच बोलण्याची कसोटी वापरतात. लेकरू कोणत्या पायरीवर आहे ते दारात उभं राहून तुम्हाला कळतं. त्याला नाव विचारा, उत्तर कसं येतं ते ऐका.

आता मेंदूकडं येऊ. आपल्या दोन्ही कानांच्या आतल्या बाजूला, मेंदूत खोलवर, हिप्पोकॅम्पस नावाचा एक छोटा भाग असतो. आकार समुद्री घोड्यासारखा, ग्रीक भाषेत त्याचं नावही तेच. आज शिकलेलं उद्यापर्यंत टिकवण्याचं बरंचसं काम याच्याकडं. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात ९-१० वर्षांच्या मुलांचा अभ्यास झाला, २०१० मध्ये तो प्रसिद्ध झाला. ट्रेडमिलवर पळवून मुलांचा दमसास मोजला आणि मेंदूची एमआरआय काढली. ज्यांचा दमसास चांगला, त्यांचा हिप्पोकॅम्पस सरासरीनं मोठा निघाला, आणि गोष्टींची एकमेकींशी सांगड घालून लक्षात ठेवण्यातही ती मुलं पुढं होती. इतिहासाच्या पेपरात सन आणि घटना जुळवायच्या असतात, विज्ञानात आकृती आणि नावं; ते काम याच जातीचं.

मोठा हिप्पोकॅम्पस असलेली मुलं आपसूक हुशार असतील आणि म्हणून खेळतही असतील, अशी शंका कुणी काढेल. रास्त शंका आहे. म्हणून त्याच विद्यापीठात पुढं २२१ मुलांच्या चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाला शाळा सुटल्यावर रोज तासाहून जास्त दम लागेल असं खेळवलं, दुसऱ्याला नाही. नऊ महिन्यांनी खेळलेल्या मुलांचं लक्ष जास्त टिकत होतं, मन चटकन एका कामावरून दुसऱ्यावर वळत होतं, भलत्या गोष्टीकडं धावणारं मन ती आवरू शकत होती. हा अहवाल २०१४ चा. पेपर सोडवताना प्रश्न नीट न वाचता घाईनं उत्तर लिहिणारी मुलं तुम्ही पाहिलीच असतील. दरवर्षी माझ्या हातून त्यांचे गुण कापले जातात, आणि दरवेळी वाईट वाटतं, कारण गणित त्यांना येत असतं.

मला सगळ्यांत जास्त थांबवलं ते जर्मनीतल्या एका छोट्या प्रयोगानं. २००७ चा आहे. २७ तरुण खेळाडूंना नवे शब्द पाठ करायला दिले. एकदा स्वस्थ बसून झाल्यावर, एकदा ४० मिनिटं सावकाश धावून झाल्यावर, आणि एकदा जीव तोडून मारलेल्या तीन-तीन मिनिटांच्या दोन धावांनंतर. त्या जोरदार धावांनंतर शब्द पाठ होण्याचा वेग २० टक्क्यांनी जास्त निघाला. सावकाश धावण्यानं तेवढा फरक पडला नाही. सहा मिनिटं! आपण पोरांना सांगतो की खेळात दोन तास वाया जातात. २७ जणांच्या प्रयोगावरून मी तुम्हाला कायदा सांगणार नाही, पण तो वाचला तेव्हा मला आमचं खो-खोचं मैदान डोळ्यांसमोर दिसलं.

कारण खो-खोत दुसरं काय असतं? आठ जणी एकीआड एक उलट दिशांना तोंड करून बसलेल्या, एक धावणारी. खो मिळाला की उठायचं, दहा-पंधरा सेकंद जीव खाऊन पळायचं, पुढचीला खो द्यायचा आणि बसायचं. श्वास खाली यायच्या आत पुन्हा पाठीवर थाप. नऊ मिनिटांची पाळी, लहान गटाला त्याहून कमी. परदेशातल्या व्यायामशाळांत हल्ली थोडा वेळ जोर, थोडा वेळ आराम अशा व्यायामाचा फार बोलबाला आहे, त्यासाठी लोक पैसे मोजतात. आपल्या मातीत तो खेळ म्हणूनच रुजलेला आहे. खो-खोचे पहिले नियम १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर बांधले गेले. त्याच साली आपल्या वर्ध्याशेजारच्या अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं राहिलं, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकानं तिथं जाऊन आपले देशी खेळ दाखवले. तुमच्या मुलीकडं हा वारसा फुकट आहे, बुटांचीसुद्धा गरज नाही.

दम लागल्यावर आत नेमकं काय होतं? स्नायू जोरात काम करतात तेव्हा रक्तात लॅक्टेट वाढतं. पूर्वी त्याला नुसता थकव्याचा कचरा समजत. आता कळलंय की मेंदू ते इंधन म्हणून वापरतो. व्यायामानं मेंदूत बीडीएनएफ नावाचं एक प्रथिनही वाढतं. मेंदूतल्या पेशी एकमेकींना धागे जोडतात, तेव्हाच नवी गोष्ट लक्षात राहते, आणि ते धागे जोडायला हे प्रथिन मदत करतं. धावणाऱ्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये नव्या पेशी जास्त जन्मतात हे तर १९९९ मध्येच दिसलं होतं.

तुम्ही शेती करणारी माणसं, तुम्हाला मी वेगळ्या शब्दांत सांगते. वाफसा. मृगाचा पाऊस पडला म्हणून लगेच तिफण घेऊन कुणी शेतात जात नाही. चिखलात पेरलं तर बी कुजतं. आणि ओल नसताना घाईनं पेरलं तर दुबार पेरणी नशिबी येते. जमिनीला वाफसा यावा लागतो, मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा आणि टाकली तर फुटावा. दिवसभर बाकावर बसलेलं पोरगं घरी आल्या आल्या पुस्तकासमोर बसवणं ही कोरड्यातली पेरणी. आणि दोन तास उन्हात क्रिकेट खेळून, तोंड लाल करून, पाणी न पिता आलेलं पोरगं लगेच अभ्यासाला बसवणं ही चिखलातली. अतिश्रमात आणि अतिश्रमाच्या लगेच नंतर लक्ष लागत नाही. तेव्हा मेंदूचा भर शरीर सांभाळण्यावर असतो. खेळून आल्यावर हातपाय धुऊ द्या, पाणी प्यायला द्या, गूळ-शेंगदाणे द्या, पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या. मग बसवा. तो वाफसा.

म्हणून "किती जोरात" हा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि त्याचं उत्तर सरळ एका ओळीत येत नाही. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजनं २०२२ मध्ये ११३ जणांच्या मनगटावरच्या पट्ट्यांची वर्षभराची नोंद घेतली आणि त्यांना स्मरणाच्या निरनिराळ्या परीक्षा दिल्या. जोराचा व्यायाम करणारे काही परीक्षांत पुढं, हलकी हालचाल बराच वेळ करणारे दुसऱ्या परीक्षांत पुढं. सगळ्या प्रकारच्या स्मरणाला एकच औषध लागू पडेल असं त्यात दिसलं नाही. माझा त्यावरून झालेला ग्रह असा: रोज थोडी चाल हवी, आणि आठवड्यात काही दिवस दम लागायलाच हवा. जागतिक आरोग्य संघटनेचं २०२० चं सांगणंही याच्या जवळ येतं. ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोराची हालचाल करावी, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस ती जोराची असावी.

वेळेबद्दल अजून एक गोष्ट. नेदरलँड्समधल्या नायमेगेन शहरात २०१६ मध्ये ७२ जणांवर प्रयोग झाला. चित्र आणि त्याची जागा लक्षात ठेवायची, अशा ९० जोड्या सगळ्यांना शिकवल्या. एका गटानं लगेच ३५ मिनिटं जोरात सायकल मारली, दुसऱ्यानं चार तासांनी, तिसऱ्यानं मारलीच नाही. दोन दिवसांनी विचारलं तर चार तासांनी सायकल मारणाऱ्यांना जास्त आठवत होतं. लगेच मारणाऱ्यांना विशेष फायदा नाही. रविवारी पोरगं दुपारी बाराला भूमितीची प्रमेयं करून बसलं असेल आणि चार वाजता बॅट घेऊन निघालं, तर त्याला अडवताना हे जरूर आठवा. प्रमेयं पक्की होण्याची वेळ झालेली असू शकते.

वर्ध्यात राहून हे मी तुम्हाला सांगते आहे याची मला थोडी लाजही वाटते, कारण हात, हृदय आणि बुद्धी एकत्र वाढवायची ही गोष्ट याच गावानं देशाला सांगितली. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन यांची समिती नेमली गेली, आणि नई तालीम उभी राहिली. सेवाग्रामच्या आश्रमात आर्यनायकम् दांपत्यानं ती चालवून दाखवली. आज तिथं आनंद निकेतन शाळेत मुलं शेती करतात, स्वयंपाक करतात आणि त्यातून गणित-विज्ञान शिकतात. बोर्डाच्या वर्षाची भीती आपल्या डोक्यात एवढी बसली आहे की आठ किलोमीटरवरची ही शाळा आपण पाहुण्यांना दाखवतो आणि आपल्या लेकराला क्लासला पाठवतो.

गांधीजींनी 'सत्याचे प्रयोग'मध्ये कबूल केलंय की शाळेत असताना व्यायामाचा आणि शिक्षणाचा संबंध काय, असं त्यांना वाटायचं, ते व्यायाम टाळायचे, आणि पुढं ती आपली चूक होती हे त्यांना उमगलं. चालायची सवय मात्र त्यांनी लहानपणीच लावून घेतली आणि आयुष्यभर सोडली नाही. साठीत त्यांनी साबरमतीहून दांडीपर्यंतचे सुमारे ३८५ किलोमीटर पायी पार केले. सेवाग्रामला सकाळ-संध्याकाळ त्यांचा फेरफटका ठरलेला. पाहुण्यांशी, कार्यकर्त्यांशी कितीतरी बोलणी त्या चालण्यात व्हायची. बोलता येईल एवढा वेग, म्हणजे वर सांगितलेला मध्यम. विनोबांनी १९५१ मध्ये भूदानासाठी पाय उचलला तेव्हा ते ५५ वर्षांचे होते, आणि १९६४ मध्ये पवनारला परतेपर्यंत चालत राहिले. एवढ्या भाषा आणि एवढं पाठांतर असलेला माणूस. त्यांचं पाठांतर चालण्यामुळं होतं असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं खोटं ठरेल. पण शरीर बसवून ठेवलं तरच बुद्धी चालते, ही समजूत निदान आपल्या जिल्ह्यात तरी टिकायला नको.

एक खुलासा करते. नई तालीमचं हातकाम आणि मी म्हणते तो दम, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चरखा चालवून दम लागत नाही. हातानं काम करण्याचे फायदे वेगळे आणि मोठे आहेत, पण पोरगं शाळेच्या बागेत पाणी घालतं म्हणून त्याचं धावणं झालं असं धरू नका.

अशाच हातकामाबद्दल एका आईनं मला उलटा प्रश्न विचारला होता. "मॅडम, आमी तं दिवसभर वावरात राबतो, आमचं डोकं काऊन तेज होत नाही?" मी तिला हात जोडले. आठ तास वाकून कापूस वेचणं हे श्रम आहेत. त्यात दम जमवायला मध्ये थांबणं नाही, आवडीनं केलेलं काही नाही, आणि घरी आल्यावर चूल आहेच. त्या बाईला आणखी व्यायाम सांगणं हा अन्याय होईल. तिला झोप हवी, दोन वेळचं पोटभर जेवण हवं, आणि घरातल्या दुसऱ्या कुणी भांडी घासायला हवीत.

आता मुलींविषयी. हे सांगताना माझा आवाज थोडा चढेल, माफ करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासकांनी २०१९ मध्ये १४६ देशांतल्या ११ ते १७ वर्षांच्या मुलांचा हिशेब मांडला. पुरेशी हालचाल न करणारे मुलगे ७८ टक्के, मुली ८५ टक्के. आपल्या गावात हे आकडे मला कागदावर बघावे लागत नाहीत. सातवीपर्यंत मैदानावर मुली असतात. आठवीत पाळी सुरू झाली की एकेक कमी होते. नववीत दोन-तीन उरतात. दहावीत कुणी नाही. "लोक काय म्हणतील," "आता मोठी झाली," "घरचं काम कोण करील." मुलगा मात्र दहावीतही संध्याकाळी चौकात बॅट घेऊन उभा असतो. पाळीच्या दिवसांतही बहुतेक मुलींना खेळायला हरकत नसते. ज्यांना फार दुखतं त्यांनी त्या दिवशी विश्रांती घ्यावी, महिन्याचे बाकीचे दिवस तर मोकळे आहेतच ना? आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. थोडं चाललं की धाप लागते, नखं पांढुरकी दिसतात, वाचताना डोकं दुखतं, हे आळसाचं लक्षण समजू नका. रक्त कमी असेल तर आधी ते भरून काढायचं. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी पोरीनं खाल्ली का, एवढं घरी विचारत जा. मळमळते म्हणून कितीतरी मुली ती गुपचूप टाकून देतात. जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते.

याहून गंभीर गोष्ट आपल्या विदर्भात सिकलसेलची आहे. ती न सांगता मी पोरांना पळवा म्हणाले तर मी चुकीचं करीन. सिकलसेलच्या रुग्णाच्या, म्हणजे एसएस असणाऱ्याच्या, तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडला किंवा अंगातलं पाणी आटलं की विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग भयंकर कळा येतात. जोराचा व्यायाम, ऊन आणि तहान या तिन्हींमुळं अशी कळ येऊ शकते. अशा मुलाला शर्यतीत उतरवू नका. डॉक्टर सांगतील तेवढंच, पाणी पीत, मध्ये थांबत. सावकाश चालणंही त्याच्या मेंदूला आणि मनाला चांगलंच आहे. एएस म्हणजे वाहक असलेली बहुतेक मुलं सगळं खेळू शकतात, पण उन्हात आणि तहानलेलं असताना जोर लावू नये. घरात कुणाला सिकलसेल असेल आणि मुलाची तपासणी झाली नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात ती करून घ्या, आणि जो निकाल येईल तो वर्गशिक्षकाला आणि पी.टी.च्या सरांना सांगा. लपवू नका. मैदानावर पोरगं कोसळलं तर धावत येणारे आम्हीच असतो, आम्हाला माहीत असायला हवं. दमा आहे, हृदयाचा काही त्रास आहे, तर तेही सांगा.

आणि आपलं ऊन. मार्चपासून दहा वाजता रस्ता तापतो, मे महिन्यात पारा ४५ च्या पुढं जातो. त्या दिवसांत जोराचं जे काही करायचं ते सूर्य वर यायच्या आत. पाच-साडेपाचला उठून अर्धा तास. वर्ध्यात राहणाऱ्यांनी हनुमान टेकडीची चढण घ्यावी, ज्यांच्याकडं टेकडी नाही त्यांना शाळेचं पटांगण आहे, वावराची धूळवाट आहे. जागाच नसेल तर दोरी घ्या. पायाखाली दाबून दोन्ही टोकं काखेपर्यंत आली की लांबी बरोबर. एक मिनिट जोरात उड्या, एक मिनिट अंगणात चाल, असं आठ वेळा. सोळा मिनिटं. पहिल्या आठवड्यात चारच वेळा करू द्या. सायकलनं शाळेत येणाऱ्या मुलांची निम्मी गोष्ट तशीच होते. उलट्या वाऱ्यात दोन विजेच्या खांबांमधलं अंतर जोरात आणि पुढचं सावकाश, एवढं त्यांना शिकवा, पण वाहनं नसलेल्या रस्त्यावर. गेल्या काही वर्षांत दहावी-बारावीच्या मुलांना घरचे गाडीवर सोडायला लागलेत, वेळ वाचतो म्हणून. त्या वाचलेल्या वेळाचं पुढं काय होतं, तो मोबाइलमध्ये जातो का, हे एकदा बघा.

झोपेतून वेळ काढून मात्र यातलं काही करू नका. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते, आणि दिवसा शिकलेलं हिप्पोकॅम्पस रात्रीच लावून ठेवतो. रात्री एकपर्यंत जागवून पहाटे पाचला टेकडीवर पाठवलेल्या मुलाचं दोन्हीकडून नुकसान आहे. खेळलेलं पोरगं रात्री साडेनऊ-दहाला आपोआप लवंडतं. त्याला उठवून पुन्हा पुस्तकासमोर बसवू नका, मी हात जोडून सांगते.

घरात आजी-आजोबा असतील तर त्यांनाही संध्याकाळी बाहेर काढा, पोरासोबतच. अमेरिकेतच २०११ मध्ये १२० वयस्क माणसांवर वर्षभराचा अभ्यास झाला. निम्म्यांना आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटं भरभर चालवलं, निम्म्यांना नुसते ताणाचे व्यायाम दिले. चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस साधारण २ टक्के वाढला. दुसऱ्या गटाचा वयाप्रमाणं घटला. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात साठीच्या पुढच्या लोकांना बारा आठवडे, ट्रेडमिलवर चार मिनिटं चढ आणि तीन मिनिटं सावकाश असं चालवलं, तर नुसतं एका चालीनं चालणाऱ्यांपेक्षा त्यांचं स्मरण जास्त सुधारलं. तिथं डॉक्टरांनी आधी सगळ्यांची तपासणी केली होती. आजोबांना बीपी, साखर, छातीचं काही असेल तर विचारल्याशिवाय चढावर नेऊ नका. पण घराच्या दारापासून मारुतीच्या पारापर्यंत चालायला कुणाची ना नसते. आजी चालता चालता नातवाला पाढे विचारते, नातू आजीला कालच्या भाजीचं नाव विचारतो, असं एक घर मला माहीत आहे.

त्या सभेनंतर मी दोनपैकी एक तास पी.टी.ला परत दिला. दोन्ही द्यायची हिंमत त्या वर्षी झाली नाही. पुढच्या वर्षी दिले. त्या बाबांच्या घरी एका रविवारी गेले, अंगणात बसून हे सगळं थोडक्यात सांगितलं. ते ऐकत होते, मुलगी दारात उभी होती, आई आत पोळ्या लाटत होती. बाबा काही बोलले नाहीत. चहा झाला, मी निघाले.

जानेवारीत त्यांचा फोन आला. तुरीचं काही विचारायला केला होता, माझ्या भावाकडं मळणीयंत्र आहे. बोलणं संपता संपता म्हणाले, "आन मॅडम, ते पोरीचं सांगाचं राहिलं. आता पाच वाजता जाते ग्राउंडवर, साडेसहाले येते, मंग बसते. म्या तिच्या मायले सांगून ठेवलं, तवरक तिले पानी भराले लावू नोको. मी भरतो."